नाव तेच, पत्ता जुना



मागच्या वेळी पासवर्डवर लिहिलं, तेव्हा दोन-तीन जणांनी विचारलं होतं, "बॅकअपवर कधी लिहिणार?" 'बॅकअप घ्या हो' एवढं सांगायला अख्खा लेख कशाला, असं वाटून मी ते पुढं ढकलत होतो. तेवढ्यात एक प्रसंग घडला. चूक माझीच होती, म्हणून जरा सविस्तरच सांगतो.

माझा आत्येभाऊ इथल्याच एका जुन्या पॅथॉलॉजी लॅबचं ऑफिस सांभाळतो. शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास त्याचा फोन आला. "अरे, सर्व्हरवर पिवळा दिवा लागलाय. कंपनीचा माणूस आलाय, पण तो हात लावायला तयार नाही. तू ये."

मी पोचलो तेव्हा तो इंजिनिअर सर्व्हरच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून चहा पीत बसला होता. मला बघून त्यानं एकच वाक्य टाकलं, "पहेला बॅकअप बतावो, पछी हूं हाथ लगाडीश." त्याचं बरोबर होतं. सर्व्हरमधल्या चार डिस्कपैकी एक गेली होती. अशी एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, कारण बाकीच्या तिघींवर तिची माहिती पुन्हा तयार करण्यापुरता हिशेब ठेवलेला असतो. पण नवी डिस्क बसवली की उरलेल्या तीन डिस्क कित्येक तास सलग वाचाव्या लागतात. त्या धावपळीत दुसरी डिस्क गेली, तर सगळंच जातं. म्हणून आधी बॅकअप हातात हवा.

"बॅकअप आहे की," दादा म्हणाला. "रोज रात्री होतो. तूच लावून दिलायस."

आम्ही बॅकअप सर्व्हर उघडला. सातपैकी पाच मशीनसमोर हिरवी खूण होती. दोघांसमोर लाल. त्या दोघांपैकी एक होतं रुग्णांच्या रिपोर्टचं मशीन. त्याचा शेवटचा चांगला बॅकअप २३ दिवसांपूर्वीचा होता.

दादाचा चेहरा उतरला. रोज सकाळी त्याला मेल येत होता, 'पाच यशस्वी, दोन अयशस्वी'. पहिल्या दिवशी त्यानं वाचला, दुसऱ्या दिवशी वाटलं की उद्या होईल, आणि आठवड्यानंतर तो मेल रोजच्या जाहिरातींसारखाच दिसायला लागला. त्याला बोलून उपयोग नव्हता. माझ्याही इनबॉक्समध्ये असे मेल पडून आहेत.

लॅबच्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी तांत्रिक काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "किडनीच्या पेशंटचं आजचं क्रिएटिनिन मला एकटं काही सांगत नाही. मागचे आकडे शेजारी असले, तरच ते वाढतंय की स्थिर आहे ते कळतं. ते आकडे आहेत ना?" २३ दिवसांपूर्वीचे आहेत, असं मी म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन बसल्या.

आता ही सगळी मांडणी काय होती ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढचं कळेल.

वाडा डोळ्यासमोर आणा. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं राहतात. प्रत्येकाचा संसार वेगळा, चूल वेगळी, पण भिंती आणि छप्पर एकच. लॅबमध्ये असे दोन वाडे आहेत, म्हणजे दोन दणकट सर्व्हर. आमच्या भाषेत त्यांना होस्ट म्हणतात. त्यांच्या पोटात सात बिऱ्हाडं आहेत, ती व्हर्च्युअल मशीन. एकावर रिपोर्ट, एकावर बिलं, एकावर ऑफिसच्या फायली, असं. बिऱ्हाड एका वाड्यातून उचलून दुसऱ्यात नेता येतं, आणि कुठलं बिऱ्हाड सध्या कुठल्या वाड्यात आहे, याची वही एका मुनिमाकडे असते. व्हीएमवेअरच्या जगात या मुनिमाला व्हीसेंटर म्हणतात. बॅकअप सर्व्हर मात्र वेगळा, बाहेरचा.

रात्री बॅकअप सर्व्हर पहिल्यांदा मुनिमाकडे जातो. "रिपोर्टचं मशीन कुठं आहे?" मुनीम वही बघून सांगतो, "होस्ट-दोनवर आहे, तिथून घे." पुढचं महत्त्वाचं आहे. मुनीम इथं फक्त नाव सांगतो. माल तो स्वतः देत नाही. लॅबमधल्यासारखा नेटवर्कवरून बॅकअप असेल, तर बॅकअप सर्व्हरला त्या नावाचा पत्ता स्वतः शोधून होस्टच्या दारात जावं लागतं आणि तिथून डेटा उचलावा लागतो. त्या दाराचा क्रमांक ९०२.

म्हणून मुनिमाशी बोलणं उत्तम चाललंय, यादीत सगळी मशीन दिसतायत, तरीही बॅकअप होत नाही, हे अगदी शक्य आहे. यादी दिसते म्हणून नेटवर्क ठीक आहे, असं गृहीत धरून माणसं भलतीकडेच शोधत बसतात. मीही तेच केलं.

पडद्यावर लिहिलेलं होतं, 'होस्ट-दोनशी पोर्ट ९०२ वर जोडणी झाली नाही.' जोडणी नाही म्हणजे फायरवॉल, हे डोक्यात पक्कं बसलेलं. फायरवॉलचे नियम तपासले. अँटिव्हायरस थांबवून बघितला. बॅकअप सर्व्हर रीस्टार्ट केला. मग माझा लॅपटॉप लॅबच्या नेटवर्कला जोडून होस्ट-दोनच्या ९०२ वर जोडणी करून बघितली, तर ती पहिल्या फटक्यात झाली. म्हणजे रस्ता मोकळा, दार उघडं. पाऊण तास गेला आणि मी जिथल्या तिथं.

बाहेर चहाचा दुसरा कप चालू होता.

तेव्हा लक्षात आलं, की लॅपटॉपवरून दार उघडं दिसतं याला काही अर्थ नाही. रात्री तिथं जाणारा लॅपटॉप नाही, बॅकअप सर्व्हर आहे. प्रश्न त्याच्या जागी बसून विचारायला हवा. मी त्याच्यावर दोन आज्ञा दिल्या. 'एनएसलूकअप' आणि होस्ट-दोनचं नाव. उत्तर आलं १९२.१६८.१०.२२. बरोबर. मग 'पिंग' आणि तेच नाव. उत्तर आलं १९२.१६८.१०.१२.

एकच संगणक, एकच नाव, आणि दोन वेगळे पत्ते.

ज्यांना हे माहीत नाही त्यांना ते भुताटकीसारखं वाटेल, म्हणून थोडं मागं जातो. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसं नावांनी. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर मोजकेच संगणक होते, तेव्हा सगळ्यांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचा गट सांभाळत असे. नवा संगणक आला की त्यांना कळवायचं, त्या नोंद करणार, आणि बाकीचे त्या फाइलची ताजी प्रत उतरवून घेणार. संगणक वाढले तसं हे झेपेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. एकच मोठी वही ठेवण्याऐवजी ज्याचा भाग त्यानं सांभाळायचा, आणि नाव विचारलं की योग्य सर्व्हरनं त्याचा पत्ता सांगायचा. १९८७ साली त्याचं सुधारित रूप आलं, आणि त्याच पायावर आजही सगळं जग चालतं.

पण ती जुनी फाइल पूर्ण गेली नाही. तिचा एक वंशज आजही प्रत्येक विंडोज, मॅक आणि लिनक्स संगणकात आहे. तिचं नाव होस्ट्स. त्यात कुणी हातानं एखादं नाव आणि आकडा लिहून ठेवला, तर विंडोज डीएनएस सर्व्हरला विचारायच्या भानगडीत पडत नाही, ते लिहिलेलंच खरं मानतं. 'पिंग' आणि बॅकअपसारखे नेहमीचे प्रोग्रॅम याच वाटेनं जातात. 'एनएसलूकअप' मात्र होस्ट्स फाइल बघतच नाही, थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. म्हणून दोघांची उत्तरं वेगळी आली की समजायचं, कुणीतरी घरच्या वहीत काहीतरी लिहून ठेवलंय. (जुनं उत्तर संगणकानं लक्षात ठेवलेलं असलं तरी असं होऊ शकतं, पण ते 'आयपीकॉन्फिग' आज्ञेला 'फ्लशडीएनएस' जोडून दिलं की पुसलं जातं.)

मी बॅकअप सर्व्हरवरची होस्ट्स फाइल उघडली. खाली दोन ओळी होत्या. होस्ट-एक, १९२.१६८.१०.११. होस्ट-दोन, १९२.१६८.१०.१२. त्यांच्या वर एक शेरा होता: 'तात्पुरतं'. तारीख नाही, नाव नाही. पण मला ओळखू आलं. तो शेरा मीच लिहिला होता.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एकदा वीज जाऊन सगळं बंद पडलं होतं. वीज आल्यावर बॅकअप सर्व्हर आधी उठला आणि होस्टचे पत्ते विचारू लागला. पण लॅबचा डीएनएस सर्व्हर हाही एक व्हर्च्युअल मशीनच, त्याच होस्टच्या पोटात. तो अजून उठलेला नव्हता. त्या रात्री घरी जायची घाई होती. मी होस्ट्स फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या, बॅकअप सुरू झाला, आणि 'नीट नंतर करू' म्हणून निघालो. नंतर कधी आलंच नाही.

२३ दिवसांपूर्वी जुना होस्ट-दोन बदलून नवा आणला गेला. नाव तेच ठेवलं. पत्ते मात्र नव्या पद्धतीनं द्यायचे ठरले, सर्व्हरांना वीसच्या पुढचे आणि प्रिंटरांना दहाच्या पुढचे. ज्यांनी ते काम केलं त्यांनी डीएनएसमधली नोंद चोख बदलली. होस्ट-एकचा पत्ता पुढच्या सुट्टीत बदलायचा होता, म्हणून त्याच्यावरची पाच मशीन बिनतक्रार चालली होती. होस्ट-दोनवरच्या दोघांसाठी मात्र बॅकअप सर्व्हर माझ्या ओळीवर विश्वास ठेवून रोज रात्री जुन्या पत्त्यावर जात होता. आणि त्या पत्त्यावर आता कोण होतं? नमुन्यांच्या बाटल्यांवरची लेबलं छापणारा प्रिंटर. बिचाऱ्याकडे ९०२ क्रमांकाचं दारच नाही.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग गप्प झाला. मीही.

दोन्ही ओळी काढून टाकल्या. होस्ट-एकची ओळ त्या दिवशी बरोबर होती, पण पुढच्या सुट्टीत तीही चुकणार होती. पुन्हा 'पिंग' केलं, बावीस आलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी रिपोर्टच्या मशीनचा बॅकअप सुरू केला आणि आम्ही तिघं टक्केवारीकडे बघत बसलो. एक डिस्क गेलेल्या सर्व्हरवरून एवढं वाचायलाही भीती वाटत होती, पण बॅकअपशिवाय डिस्क बदलण्यापेक्षा ती कमी होती. पहाटे अडीचला दोन्ही मशीन पूर्ण झाली.

तरी इंजिनिअर म्हणाला, एकदा उघडून दाखवा. मला त्याचा रागच आला, पण म्हणणं रास्त होतं. बॅकअपमधून रिपोर्टचं मशीन होस्ट-एकवर वेगळ्या नावानं उभं केलं. त्याचं नेटवर्क मुद्दाम तोडून ठेवलं, नाहीतर खरं मशीन आणि ही नक्कल यांची गाठ पडून नवा घोळ झाला असता. मॅडमना झोपेतून उठवायचं नव्हतं, पण त्या जाग्याच होत्या, आल्या. शुक्रवारचा एक रिपोर्ट उघडून त्यांनी त्याचे मागचे आकडे बघितले, मान डोलावली. साडेतीनला डिस्क बदलली. रविवारी दुपारपर्यंत पिवळा दिवा गेला.

मॅडमना मी सांगितलं की ती ओळ माझी होती. त्या रागावल्या नाहीत, पण जे म्हणाल्या ते मला लागलं. "आमच्याकडे बाटलीवर नुसतं नाव असेल तर आम्ही नमुना घेत नाही. नावाबरोबर नोंदणी क्रमांक लागतो, कुणी घेतला आणि कधी घेतला ते लागतं. एका नावाचे दोन पेशंट रोज येतात. तुमच्याकडे असं काही नसतं का?"

असतं. मी ते केलं नव्हतं.

आपण बडोद्याच्या माणसांना तर हे वेगळं सांगायला नको. घरात बडोदा, शेजारी वडोदरा, इंग्रजी शाळेत बरोडा. सरकारी कागदावर १९७४ साली वडोदरा झालं. रेल्वेचं सांकेतिक नाव अजून बीआरसी आहे, विमानतळाचं बीडीक्यू. तरी कुणाची गाडी चुकत नाही, कारण ही सगळी नावं कुठल्या एका जागेची आहेत, हे सांगणारी यादी सगळ्यांसाठी एकच आहे आणि तिचा सांभाळ करणारं कुणीतरी आहे. घोळ कधी होतो? आपल्या डायरीत कुणाचा जुना पत्ता लिहिलेला असतो, ती मंडळी दांडिया बाजारातून अलकापुरीत जाऊन वर्ष झालेलं असतं, आणि आपण कुणाला न विचारता डायरी बघून लग्नाची पत्रिका धाडतो. बॅकअप सर्व्हरनं २३ रात्री तेच केलं.

या प्रसंगानंतर मी स्वतःसाठी एक क्रम लिहून ठेवला. तुमच्यापैकी जे ऑफिसात सर्व्हर सांभाळतात, किंवा सांभाळायला लागणार आहेत, त्यांच्यासाठी तो देतो.

पहिलं, चुकीचा संदेश शेवटपर्यंत वाचा आणि तीनपैकी कुठला प्रकार आहे ते ठरवा. नावच सापडलं नाही, की नाव सापडलं पण पत्ता चुकीचा मिळाला, की पत्ता बरोबर आहे पण दार बंद आहे. दुसरा आणि तिसरा प्रकार पडद्यावर सारखाच दिसतो. माझा पाऊण तास तिथंच गेला. म्हणून फायरवॉलला हात लावण्याआधी पत्ता बघा.

दुसरं, जो संगणक ते काम करतो त्याच्यावर बसूनच तपासा. मोठ्या ठिकाणी बॅकअप सर्व्हर स्वतः डेटा उचलत नाही, प्रॉक्सी म्हणून वेगळी मशीन ते काम करतात. मग तपास प्रत्येक प्रॉक्सीवरून करावा लागतो. एकावर चाललं म्हणजे सगळ्यांवर चाललं, असं नाही.

तिसरं, 'एनएसलूकअप' आणि 'पिंग' दोन्ही द्या आणि उत्तरं शेजारी ठेवा. इथं पिंगचं उत्तर येणं न येणं महत्त्वाचं नाही. पहिल्या ओळीत तो कुठला पत्ता दाखवतो, तेवढंच बघायचं.

चौथं, पूर्ण नाव आणि छोटं नाव दोन्ही तपासा. पोळीत जाऊन 'जोशींचं घर कुठं?' विचारलं की लोक विचारतात, कुठले जोशी? पूर्ण नावात पोळीचं नाव असतं, छोट्यात नसतं. मुनीम पूर्ण नाव सांगत असेल आणि तुम्ही छोटं नाव तपासून 'चालतंय की' म्हणत असाल, तर दोघं वेगळ्याच गोष्टी बोलताय.

पाचवं, डीएनएस सर्व्हरच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर बाहेरचा सार्वजनिक सर्व्हर टाकू नका. 'आतला बंद पडला तर बाहेरचा असावा' म्हणून बरेच जण टाकतात. पण बाहेरच्याला तुमच्या ऑफिसातल्या होस्टचं नाव कसं माहीत असणार? आतला क्षणभर उत्तर द्यायला चुकला की प्रश्न बाहेर जातो, बाहेरचा ठणकावून सांगतो 'असं नाव अस्तित्वातच नाही', आणि संगणक हा नकारही काही वेळ लक्षात ठेवतो. मग कधी बॅकअप होतो, कधी होत नाही, आणि कारण सापडत नाही. दुसरा सर्व्हर हवाच, पण तोही आतलाच हवा.

लॅबमध्ये आता तसा दुसरा डीएनएस सर्व्हर आहे. तो एका छोट्या वेगळ्या संगणकावर ठेवला, होस्टच्या पोटात नाही. शिवाय वीज आल्यावर होस्ट आधी डीएनएसचं मशीन उठवेल, मग बाकीची, असा क्रम लावून दिला. दोन वर्षांपूर्वी त्या दोन ओळींऐवजी हे केलं असतं, तर अर्धा दिवस लागला असता.

होस्ट्स फाइल वापरूच नये असं मी म्हणत नाही. कधीकधी अडलेल्या वेळी तीच कामाला येते. पण ओळ लिहिली की शेजारी तारीख, स्वतःचं नाव आणि कारण लिहायचं, आणि ती कधी काढायची याची आठवण कॅलेंडरात टाकायची. आणि ते फक्त त्या फाइलमध्ये नको, ऑफिसच्या वहीतही हवं, कारण ती फाइल कुणी उघडून बघत नाही.

हे छोट्या ठिकाणीच होतं असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या नामवंत कंपनीत एका इंजिनिअरला दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची माहिती पुसायची होती. रात्रीच्या थकव्यात ती मुख्य सर्व्हरवरून पुसली गेली. दोघांच्या नावात फक्त एक आणि दोन एवढाच फरक होता. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप होतच नव्हता, आणि तो होत नसल्याचे मेल वाटेतच नाकारले जात होते. कुणीतरी सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून बाकीचं वाचलं. कंपनीनं हे सगळं न लपवता जाहीरपणे लिहिलं, म्हणून आपल्याला शिकता येतं. मीही म्हणूनच हे लिहायचं धाडस केलं.

आता ज्यांच्या घरी सर्व्हर-बिर्व्हर काही नाही, त्यांच्यासाठी. तुमच्याकडे फोटो ठेवायला राउटरला जोडलेला हार्डडिस्कचा डबा असेल, तर हाच घोळ घरातही होऊ शकतो. राउटर पत्ते वाटतो, आणि रीस्टार्ट झाल्यावर एखाद्या वेळी डब्याला नवा पत्ता देतो. लॅपटॉपमधला बॅकअप जुन्या पत्त्यावर लावलेला असेल, तर त्या दिवसापासून तो मुकाट्यानं थांबतो. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या डब्यासाठी एक पत्ता राखून ठेवता येतो. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधला एक फोटो उघडून बघा. कालचा, मागच्या वर्षीचा नको. जुने फोटो असतातच. लाल खूण शोधायला तोच उपयोगी पडतो.

शक्य असेल तर तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. लॅबमध्ये ही तिसरी प्रत नव्हती. आता दर शनिवारी एक डिस्क मॅडमच्या घरी जाते आणि मागच्या शनिवारची परत येते. दादानं त्यासाठी वही केली आहे, डिस्कवर क्रमांक, तारीख आणि सही. सकाळचा तो मेलही बदलला. सगळं हिरवं असेल तर मेल येतच नाही, आठवड्यातून एकदा फक्त हजेरी लागते. लाल असेल तर त्याच्या फोनवर आणि माझ्या फोनवर, दोन्हीकडे घंटा वाजते.

पहिल्या आठवड्यात ती एकदा वाजली. पहाटे दोनला. दोघंही घाबरून उठलो. बघतो तर बॅकअपच्या डिस्कवरची जागा संपत आली होती. सोमवारी नवी आणली.

पुढच्या वेळी घरच्या राउटरबद्दल लिहितो. तुमच्या ऑफिसात 'तात्पुरतं' म्हणून लिहिलेलं काही असेल, तर तोवर एकदा उघडून बघा, आणि सापडलं तर मला कळवा. मी एकटाच नाही, एवढं कळलं तरी बरं वाटेल.